हाकेचा दिवा

१

दिवा करायचं निमित्त सोनालीच झाली.

सोनाली ही उत्तरेश्वर मिस्त्रींची एकुलती एक मुलगी. नोकरी खराडीला, राहायलाही तिकडेच. दर रविवारी सकाळी ती हडपसरला वडिलांकडे येऊन जायची. त्या रविवारी ती पाऊण तास दाराबाहेर उभी होती. घंटी वाजवून झाली, कडी वाजवून झाली, फोन करून झाला. आत मिस्त्री खिडकीपाशी टेबलावर एक जुना ॲम्प्लिफायर उघडून बसले होते, घराकडे पाठ करून. शेवटी शेजारच्या आबेदाभाभींकडून किल्ली घेऊन ती आत आली आणि तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मिस्त्री इतके दचकले की सोल्डरिंगचं तापलेलं टोक त्यांच्याच बोटाला लागलं.

सोनाली रागावली नाही, आणि त्याचंच त्यांना वाईट वाटलं. तिनं बोटावर गार पाणी धरलं. मग त्यांच्यासमोर बसून, ओठ वाचता येतील अशा बेतानं सावकाश म्हणाली, ‘‘बाबा, एक महिना. मग तुम्ही माझ्याकडे यायचं. दार वाजलेलं तुम्हाला कळत नाही. उद्या काही झालं तर...’’

 दोघांचीही नजर स्वयंपाकघराकडे गेली आणि लगेच परत आली.

त्या स्वयंपाकघरात दोन वर्षांपूर्वी बायडाबाई गेली होती. दुपारी साडेतीनची वेळ. चहा करून तिनं गॅस बंद केलेला होता. दोन कप भरलेले, एकावर बशी झाकलेली. मिस्त्री पाच वाजता उठून चहा मागायला गेले, तेव्हा ती ओट्याखालच्या फळीला टेकून बसलेली होती आणि बशीखालचा चहा गार झालेला होता. डॉक्टर म्हणाले, हृदय. दहा-पंधरा मिनिटं तरी लागली असतील.

दहाव्याच्या दिवशी सोनालीनं एकदाच विचारलं होतं, ‘‘बाबा, आईनं हाक मारली नाही का?’’

‘‘मारली असेल, बाळा,’’ मिस्त्री म्हणाले होते, आणि आपल्या कानांना हात लावला होता. ‘‘पण हे...’’

तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. त्यानंतर वर्षभरात मिस्त्रींचे कान पुरतेच गेले.

२

मिस्त्रींचं शिक्षण सातवीपर्यंतचं, तेही गावाकडे, धाराशिव जिल्ह्यात. पुण्यात आल्यावर मंडईमागच्या एका बोळात त्यांनी अठ्ठावीस वर्षं ॲम्प्लिफायर दुरुस्त केले. देवळाचे, मशिदीचे, गणपती मंडळांचे, रिक्षातून जाहिरात करत फिरणाऱ्यांचे. दुकान सोडल्यावर टेबल, मीटर आणि स्क्रूचे डबे घेऊन ते घरीच बसायला लागले.

कानाचं यंत्र सोनालीनं आणून दिलं होतं. ते त्यांनी दोन दिवस घातलं. कानात शिट्टी वाजायची. जन्मभर दुसऱ्यांच्या भोंग्यांची शिट्टी बंद केलेल्या माणसानं स्वतःच्या कानात ती घेऊन फिरायचं म्हणजे काय? यंत्र डबीत गेलं, डबी कपाटात गेली.

दिव्याची कल्पना मात्र त्यांना मनापासून आवडली. दाराच्या चौकटीला आतून एक छोटा माइक लावायचा. त्याची वायर टेबलावरच्या ॲम्प्लिफायरला. आणि ॲम्प्लिफायरच्या पाठीमागे, जिथं भोंगा जोडतात तिथं, भोंग्याऐवजी गाडीचा बारा व्होल्टचा बल्ब. घंटी वाजली की बल्ब पेटेल. कडी वाजली की लुकलुकेल. बाहेर कुणी बोललं तर बोलण्याबरोबर तो कमीजास्त होईल. बल्ब त्यांनी टेबलासमोरच्या भिंतीवर बसवला, डोळ्यांच्या रेषेत.

आबेदाभाभी बघायला आल्या. त्या शिलाईचं काम करायच्या, पन्नाशी उलटलेल्या, जिभेच्या तिखट पण मनाच्या नव्हेत. मिस्त्रींशी बोलायला त्या वही-पेन्सिल वापरायच्या. त्यांनी विचारलं की एवढ्याशा माइकमध्ये बल्ब पेटवायची ताकद येते कुठून? मिस्त्रींना असं कुणी विचारलं की फार बरं वाटायचं. ते आपल्या संथ लयीत सांगायला लागले. माइकमधून येतो तो आवाज इतका अशक्त असतो की त्यानं राईचा दाणाही हलायचा नाही. तो फक्त सांगतो. ओझं उचलते ती वीज. आणि ॲम्प्लिफायर स्वतःचं काही बोलत नाही. जे आहे तेच मोठं करतो. जे नाहीच, ते कितीही बटण फिरवलं तरी मोठं होत नाही.

भाभींनी वहीत लिहिलं, ‘‘दोन वर्षांपूर्वी तुम्ही आपल्या खोलीत बसून माझ्या मशीनचा पट्टा सैल झालाय हे आवाजावरून सांगितलं होतं. आता ढोल वाजवला तरी दिवा लागतो तुम्हाला.’’

मिस्त्री हसले. मग त्यांनी ते पुन्हा वाचलं आणि वही मिटून ठेवली.

३

पहिले चार दिवस दिवा शहाण्यासारखा वागला. दूधवाला आला, पेटला. कुरियरवाला आला, पेटला. पाचव्या दिवशी दुपारी साडेतीनला पेटला, आणि मिस्त्रींनी दार उघडलं तर बाहेर कुणी नव्हतं.

जिना रिकामा होता. भाभींच्या दाराला कुलूप होतं.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा पेटला. फार नाही, तार लाल होण्याइतकाच. तिसऱ्या दिवशी पुन्हा.

मिस्त्रींनी जे कुठल्याही गिऱ्हाइकाच्या तक्रारीला केलं असतं तेच केलं. विजेच्या लाइनची घरघर असेल म्हणाले. पण घरघर असती तर दिवा एकसारखा राहिला असता. हा तुकड्यातुकड्यानं पेटत होता. तरी खात्री करायची म्हणून ते गुरुवारपर्यंत थांबले. गुरुवारी त्यांच्या भागात दुरुस्तीसाठी दिवसभर वीज नसायची. त्या दिवशी त्यांनी ॲम्प्लिफायर बॅटरीवर लावला. घरात पंखा बंद, फ्रीज बंद, सगळ्या इमारतीत एक तार जिवंत नाही. साडेतीन वाजले आणि दिवा तुकड्यातुकड्यानं पेटला.

मग रेडिओ. कधीकधी लांब वायर आकाशातलं काहीबाही पकडते. मंडईत एकदा एका देवळाच्या भोंग्यावर आरतीच्या मध्ये क्रिकेटची कॉमेंट्री लागली होती. त्यांनी दिवा पेटलेला असताना माइकची पिन उपसली. दिवा विझला. पिन घातली. पेटला.

म्हणजे आवाज वायरीत नव्हता. घरात होता. माइकला तो ऐकू येत होता आणि मिस्त्रींना येत नव्हता. त्यांच्या बाबतीत हे रोजचंच, त्यामुळे ते घाबरले नाहीत. फक्त एक शंका त्यांना आली. बहिरी माणसं स्वतःशी पुटपुटतात आणि त्यांना कळत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी साडेतीनला त्यांनी दोन बोटांनी आपले ओठ घट्ट मिटून धरले.

दिवा पेटला.

४

तुकडे दोन होते. एक, आणि लगेच दुसरा जरा लांबलेला. मग अंधार. मग पुन्हा एक, आणि दुसरा.

मिस्त्रींनी ते तीन दिवस पाहिलं, आणि चौथ्या दिवशी त्यांच्या हातातला स्क्रू खाली पडला.

आ-हो.

बायडाबाईनं सबंध संसारात त्यांचं नाव घेतलं नाही. पुण्यात चाळीस वर्षं राहूनही तिचं ‘अहो’ झालं नाही. गावाकडचं, लांब सुरुवातीचं ‘आहो’च राहिलं. आहो, चहा झालाय. आहो, पोरीचा फोन हाय. आणि टेबलावरून डोकं न उचलता मिस्त्री म्हणायचे, ‘‘आलो.’’ पुन्हा हाक आली की दोनदा, ‘‘आलो, आलो.’’ तिकडे भाजी गार व्हायची. पाहुण्यांसमोर ती सांगायची, ‘‘ह्यांचं ‘आलो’ आदी येतंय. मागनं हे येत्यात.’’ पाहुणे हसायचे. मिस्त्रीही हसायचे.

त्या दिवशी दिव्यानं ‘आहो’ म्हटल्यावर मिस्त्री खुर्चीवरून उठले. खरोखर उठले. ‘‘आलो,’’ म्हणाले आणि स्वयंपाकघरात गेले. तिथं काही नव्हतं. ओटा पुसलेला, नळाखाली एक भांडं. त्यांनी दोन कप चहा केला आणि दोन्ही स्वतःच प्यायले.

मग ती सवयच झाली. साडेतीन वाजायच्या आधी ते दाढी करून बसायचे. दिवा पेटायचा, ते उठायचे. इतक्या वर्षांत ते कधी इतक्या तत्परतेनं उठले नव्हते. घर तितकं रिकामं वाटेनासं झालं.

आणि एक गोष्ट त्यांच्या मनात हळूहळू मूळ धरत गेली. ॲम्प्लिफायरचं बटण जवळजवळ शेवटपर्यंत फिरवलं तेव्हा कुठं दिव्याची तार लाल व्हायची. म्हणजे मूळ हाक किती अशक्त असली पाहिजे. असली हाक चांगल्या कानालाही ऐकू आली नसती. कुणालाच आली नसती. तिच्यात तेवढी शक्तीच उरली नव्हती. सोनालीला हे दाखवायचं. बोलायचं काही नाही, फक्त खुर्चीवर बसवून दिवा दाखवायचा. बघ, एवढुशी होती हाक. मी तरी काय करणार होतो?

दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांना दुपारची झोप लागली.

५

सोनालीला दाखवायचं तर दिवा चांगला पेटायला हवा. त्यासाठी माइक हाकेच्या जवळ न्यायला हवा, ही साधी गोष्ट. दारावर बसलेल्या माइकला स्वयंपाकघरातलं कसं ऐकू येणार?

त्यांनी वायर वाढवली आणि माइक ओट्यावर ठेवला, बशी असायची तिथं. साडेतीनला टेबलापाशी येऊन दिव्याकडे बघत बसले. तार आधीपेक्षाही मंद झाली. डोळे बारीक केले तेव्हा दिसली.

माइक ओट्याखाली ठेवला. तेवढीच.

मागच्या खोलीत ठेवला, तर काहीच नाही. न्हाणीघरात काहीच नाही. बाहेरच्या खोलीत, दिवाणावर ठेवला तेव्हा दिवा पिवळा झाला. मिस्त्रींना हे पटेना. त्यांनी वायर तपासली, सांधे पुन्हा डागले, माइक बदलला. दिवाणावर पिवळा, टेबलाच्या कडेला आणखी पिवळा.

राहता राहिली खुर्ची. माइक तिच्या पाठीला दोऱ्यानं बांधायचा म्हणजे तिच्यात बसता येणार नव्हतं. मिस्त्री स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर जाऊन उभे राहिले आणि तिथून बघू लागले. समोर खिडकी, खिडकीशी टेबल, टेबलाशी त्यांची रिकामी खुर्ची, पाठ त्यांच्याकडे. भिंतीवर दिवा.

साडेतीनला तो असा पांढराशुभ्र पेटला की काच फुटेल असं वाटलं. दोन तुकडे. अंधार. दोन तुकडे. खुर्चीची सावली खोलीभर येऊन त्यांच्या पायांपर्यंत पोचली आणि परत गेली.

त्याच वेळेला त्यांना सोल्डर करताना जळणाऱ्या राळेचा वास आला. सोल्डरिंग सकाळपासून बंद होतं. त्यांनी जाऊन हात लावून पाहिला. गार होतं.

हाक स्वयंपाकघरातून येत नव्हती. स्वयंपाकघराकडे जात होती.

त्या दिवशी त्यांनी चहा केला नाही.

६

तीन दिवस ते साडेतीनला घराबाहेर जाऊन बसले. खाली पार्किंगमध्ये, वॉचमनच्या बाकावर. चौथ्या दिवशी, शनिवारी, त्यांनी आबेदाभाभींचं दार वाजवलं. म्हणाले, एक काम आहे. तुमचे कान पाच मिनिटं पाहिजेत.

भाभी बोटातलं शिवणकामाचं अंगुस्तान न काढताच आल्या. मिस्त्रींनी त्यांना दिवाणावर बसवलं, खुर्चीवर नाही. दिव्याच्या तारा सोडवून हेडफोन लावला आणि बटण थोडं खाली घेतलं. भाभींनी वहीत लिहिलं, ‘‘गाणी आहेत की बातम्या?’’ मिस्त्रींनी नाही म्हणून मान हलवली.

साडेतीन वाजले. दिवा आता नव्हता, त्यामुळे मिस्त्रींना भाभींच्या चेहऱ्याशिवाय काही दिसत नव्हतं. आधी त्या नुसत्या ऐकत होत्या. मग त्यांनी हेडफोन एका हातानं कानावर दाबला. मग हळूच मान वळवून खुर्चीकडे पाहिलं.

‘‘बाई आहे ना?’’ मिस्त्रींनी विचारलं. ‘‘आमची बाई?’’

भाभींनी हेडफोन काढला, मांडीवर ठेवला, आणि वहीत एकच शब्द लिहिला.

आलो.

मिस्त्रींनी तो वाचला. भाभी उर्दू शाळेत शिकलेल्या. मराठी लिहिताना त्यांची अक्षरं कधीकधी चुकायची, हे मिस्त्रींना माहीत होतं. त्यांनी प्रेमानं पेन्सिल घेतली. ‘‘भाभी, इथं ह पाहिजे. ‘आहो’ आहे ते. तुम्ही ल काढलात.’’

भाभींनी नाही म्हणून मान हलवली. पेन्सिल परत घेतली आणि तोच ‘ल’ पुन्हा एकदा गिरवला. मग त्याखाली लिहिलं, ‘‘बाई नाही. पुरुष आहे.’’

 भाभींना पुढचं लिहायचं नव्हतं, ते दिसत होतं. त्यांनी लिहिलं, ‘‘भिंतीपलीकडून मी हा आवाज पंचवीस वर्षं ऐकला आहे, मिस्त्री. तुमचाच आहे.’’

जाताना त्यांनी दारात थांबून काहीतरी विचारलं. मिस्त्रींनी ओठांकडे पाहिलं नाही, म्हणून ते त्यांना कळलं नाही.

७

दुसऱ्या दिवशी रविवार होता. महिना भरला होता. सोनाली चारला गाडी घेऊन यायची होती. मिस्त्रींची एक पिशवी आणि एक पेटी भरून दाराशी ठेवलेली होती. टेबलावरचं सामान त्यांनी आवरलं नव्हतं. भिंतीवरचा दिवा पुन्हा जोडला होता, माइक खुर्चीच्या पाठीला होता.

सोनालीला दाखवायचं ठरवलेलं काही आता उरलं नव्हतं. पण तिनं दोन वर्षांपूर्वी विचारलेलं उरलं होतं. आणि तेव्हा, चांगलं ऐकू येत असताना, कानांना हात लावलेला, तो हातही.

सव्वातीनला ते स्वयंपाकघरात गेले. ओट्याशी उभे राहिले, बायडाबाई उभी राहायची तिथं. तिथून खोलीतलं काय काय दिसतं हे इतक्या वर्षांत त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. फार काही दिसत नाही. खुर्ची दिसते, आणि जो कुणी खुर्चीत बसला असेल त्याची पाठ.

साडेतीन वाजले. दिवा पेटला नाही.

तीन पस्तीस झाले. नाही पेटला. आधी त्यांना हायसं वाटलं. मग, कुठलाही सांधा कुठं तुटलाय हे जसं त्यांना नुसतं बघून कळायचं, तसं कळलं. दिवा उत्तर देत होता. आज कुणी हाक मारली नव्हती; हाक मारायच्या जागी ते स्वतः उभे होते.

त्यांनी ओटा धरला. त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता. घशात तो फक्त थरथरला.

‘‘आहो.’’

दिवा पेटला. दोन तुकडे.

‘‘आहो.’’

दोन तुकडे, आणि लगेच पुन्हा दोन. राळेचा वास आला. दिव्याच्या झळाळीत खुर्चीच्या पाठीवरून त्यांच्याच निळ्या चौकड्यांच्या शर्टाची कॉलर दिसली. बायडाबाईनं उलटवून शिवलेली. त्यावर वाकलेली मान, पिकलेले केस. टेबलावरून धुराची एक बारीक रेघ वर जात होती. उजव्या कानाची पाळी दिव्यासमोर लाल दिसत होती.

मिस्त्रींच्या छातीत काहीतरी घट्ट आवळलं गेलं. त्यांनी तिसऱ्यांदा हाक मारली. होती नव्हती ती सगळी ताकद लावून मारली.

खुर्चीतली मान किंचित वळली. पूर्ण नाही. ऐकू आल्यावर माणूस वळवतो तेवढीच, स्वयंपाकघराच्या दिशेनं. क्षणभर तशी थांबली. आणि पुन्हा कामावर वाकली.

दिवा पेटला. आलो, आलो.

पाय धरेनात, म्हणून मिस्त्री ओट्याखालच्या फळीला टेकून खाली बसले. खाली बसल्यावर ती पाठही दिसेनाशी झाली. फक्त खुर्चीचे पाय दिसत होते आणि त्यांच्या बाजूला दुसरे दोन पाय, स्वस्थ, एकावर एक ठेवलेले.

ते उठतील, असं मिस्त्रींना वाटलं. आता उठतील.

उत्तर तर आलं होतं. मागनं कुणी येतंय का, तेवढंच आता बघायचं होतं.